सहा नंबरचे बूट

"घालून तर बघा, मावशी," मी म्हटलं आणि बूट त्यांच्या पुढ्यात ठेवले.

ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. सकाळची ड्युटी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. तानूमावशी पालथ्या बादलीवर टेकल्या, चप्पल काढून त्यांनी पाऊल पदरानं पुसलं आणि डाव्या बुटात घातलं. ते अर्ध्यावर अडलं. टाचेमागे बोट घालून त्यांनी जोर लावला, तेव्हा आत गेलं.

"बसले?"

"बसलं की."

"कुठं टोचत नाही ना?"

त्या उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"काय बी टोचत न्हाई, सिस्टर. लोण्यावानी हायती."

बाहेरून ट्रॉलीचा आवाज आला आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. महामार्गाला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी स्टाफ नर्स होते. हेमलता ताटे, वय छत्तीस, कॅज्युअल्टीत आठवं वर्ष. तानूबाई वायदंडे तिथं सफाईचं काम करायच्या, कंत्राटावर. वय साठीच्या जवळपास, अंगानं उंच, हाडापेरानं मोठ्या. फरशी पुसायची, रक्ताचे कपडे भिजवायचे, बेडपॅन द्यायचं, ट्रॉली ढकलायची, मयताला पांढऱ्या कापडात बांधायचं. काम सांगावं लागायचं नाही. मी "मावशी" म्हणून वळायची तोवर त्या बादली घेऊन उभ्या असायच्या.

त्या दिवसांत माझी उजवी टाच मला खात होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं. दहा-वीस पावलांनी जरा सैल पडायचं, आणि दुपारी बारानंतर पुन्हा सुरू. आमच्या कॅज्युअल्टीत बसायला काही नव्हतं. पूर्वी दोन खुर्च्या होत्या. एकदा कुणा पुढाऱ्याच्या नातेवाइकानं वर तक्रार केली की इथल्या सिस्टर बसून असतात. दुसऱ्या दिवशी खुर्च्या उचलल्या. उरलं एक स्टूल, तेही डॉक्टरांच्या टेबलापाशी. आठ तास उभं राहायचं आणि पळायचं. सगळ्यांचेच पाय दुखायचे. कुणी गोळी घ्यायचं, कुणी रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि सकाळी तेच पाय घेऊन परत यायचं.

शेवटी मी आमचे डॉक्टर मुजावर यांना टाच दाखवली. त्यांनी तळव्याला अंगठा दाबून बघितला आणि मी कळवळले. तळव्याची शीर सुजली आहे म्हणाले. उठण्याआधी पंचा तळव्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, बर्फ केलेली पाण्याची बाटली पायाखाली घेऊन घोळवायची. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. मग त्यांनी माझे बूट हातात घेऊन वाकवून बघितले. तळ पार बसलेला होता.

"हे किती नंबरचे?"

"सहा."

"संध्याकाळी पाय सुजलेले असतात तेव्हा दुकानात जा आणि सात घ्या," ते म्हणाले. "हे टाकून द्या."

मी सात नंबरचे घेतले. जुने मात्र टाकले नाहीत. पांढरे, कातडी, वरून चांगले दिसत होते. फक्त डाव्या बुटाची शिवण करंगळीपाशी थोडी उसवली होती. त्याच आठवड्यात एका सफाईवाल्या बाईच्या पायात सुई गेली आणि इन्चार्ज सिस्टरांनी फर्मान काढलं, चपला बंद, सगळ्यांनी बूट घालायचे. कंत्राटदाराकडून बूट येणार होते, ते आले नाहीत. तानूमावशी रोज रबरी चपला घालून यायच्या आणि रोज बोलणी खायच्या. म्हणून मी ते बूट त्यांना दिले. मला वाटलं, एक चांगलं काम झालं.

तानूमावशींचे पाय दुखत नसत. हे सगळ्या कॅज्युअल्टीला ठाऊक होतं आणि आम्ही त्यांचा हेवा करायचो. मी भिंतीला हात टेकून पोटरी ताणत असले की त्या बोळा पिळत बघत राहायच्या. एकदा मी विचारलं, मावशी, तुमचे कसे दुखत नाहीत? त्या म्हणाल्या, पूर्वी लई दुखायचं, आग व्हायची, रात्री गार फरशीवर पाय ठेवून निजायची. मग आपोआप थांबलं. "दगडाचं झालं," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. आठ वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली नर्स होते मी, आणि हसले.

बूट दिल्याला दोन आठवडे झाले असतील. फेब्रुवारी होता, कारखाने चालू होते. दुपारी पावणेदोनला, मी माझ्या जागी येणाऱ्या रिलीव्हरची वाट बघत असताना, घाटाखाली ऊसतोडणीवाल्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटल्याचा फोन आला. तेवीस माणसं होती. बायका, लेकरं, म्हातारे. टेंपोत, जीपमध्ये, जे मिळेल त्यात घालून आणत होते. रिलीव्हर आली, पण जायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर मुजावरांनी फक्त एवढंच म्हटलं, "ताटे सिस्टर, थांबा," आणि मी थांबले.

त्या दुपारचं सगळं सांगत नाही. पाच तास मी कुठं टेकले नाही. सलाईन लावायची, पट्टी बांधायची, टाके घालायला साहित्य द्यायचं, सिव्हिलला पाठवायचे त्यांचे कागद लिहायचे. टाच आधी दुखली, मग चुरचुरली, मग मांडीपर्यंत कळ चढली. पाऊल टेकवायचं नाही म्हणून मी चवड्यावर चालत होते. तानूमावशी माझ्या आगेमागे होत्या. ट्रॉली घ्या, पोराला धरा, हे पुसा, ते पुसा.

फरशीवर रक्त होतंच. त्या पुसत होत्या. पण सलाईनच्या स्टँडपाशी, जिथून दर वेळी वळून जावं लागायचं, तिथं पुसलेल्या जागी थोड्या वेळानं पुन्हा डाग दिसायचा. मोठा नाही, पावलाच्या कडेएवढा. कुणी घसरून पडेल म्हणून मला त्याचा राग यायला लागला.

"मावशी, इथं राहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी पुसलं.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुठल्या खाटेवरून गळतंय ते वाकून शोधलं, आणि पुसलं. तिसऱ्यांदा मी ओरडलेच. नीट बघून पुसता येत नाही का, असं काहीतरी म्हणाले. एका जखमी बाईचा नवरा आमच्याकडं बघत होता. त्यांनी बादलीचं पाणी बदलून आणलं आणि गुडघ्यावर बसून हातानं फरशी पुसली. उठल्या, चालायला लागल्या, आणि तिथं पुन्हा डाग उमटला असणार. तो मी पाहिला नाही. मी तोवर दुसऱ्या खाटेपाशी गेले होते.

सात वाजता गर्दी ओसरली. सिव्हिलला जायचे ते गेले, उरलेले वॉर्डात चढवले. एक म्हातारा तेवढा वाचला नाही. मावशींनीच त्याला बांधलं. मी फ्रिजमधून बर्फ झालेली बाटली काढली, ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसले. मागोमाग मावशी आल्या, हात धुवायला. चेहरा राखेसारखा झाला होता. मी ओरडले होते ते मला खात होतं. म्हटलं, मावशी, बसा माझ्याजवळ. बूट काढा. ही बाटली पायाखाली घ्या, बरं वाटेल.

"नगं. मला काय हुत न्हाई."

"काढा हो. पायाला वारा लागू दे."

त्या बसल्या. उजवा निघाला. डावा निघेना. मी पुढं सरकून टाच धरली आणि ओढला, तेव्हा तो सुटला. आत मोजा होता, तो करंगळीच्या बाजूनं काळा पडला होता आणि ओला होता. वास आला. हा वास मला ओळखू येत होता, वॉर्डात कितीदा घेतलेला. मोज्यावर सलाईन ओतून मी तो हळूहळू सोडवला. करंगळी काळी-निळी होती आणि तिच्या बुडाशी रुपयाएवढी जखम, आतलं पांढरं दिसेल इतकी खोल. शेजारचं बोटही गेल्यासारखंच होतं.

मी मावशींच्या तोंडाकडं बघितलं. त्या स्वतःच्या पायाकडं वाकून बघत होत्या, दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तशा.

"ह्ये कवा झालं?" त्यांनी मला विचारलं.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी हाताच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली. चारशे बारा. मग कापसाचा बोळा घेऊन त्यांच्या तळव्यावर फिरवला आणि डोळे मिटून सांगा म्हणाले, कुठं लागतंय. मावशी डोळे मिटून वाट बघत राहिल्या. डॉक्टर पाच-सहा ठिकाणी लावून थांबले तरी त्या वाटच बघत होत्या.

"मावशी, पाय बधिर कधीपासून आहेत?"

"बधिर न्हाईत. दुखत न्हाईत एवढंच." मग जरा विचार करून म्हणाल्या, "चप्पल पायातनं निसटली तर कळत न्हाई कवा कवा. त्याला झाली दोन-तीन वर्सं."

डॉक्टरांनी बूट उचलला. आत बोटं घालून बघितलं, उसवलेल्या शिवणीतून आलेला डाग बघितला.

"हे बूट कुणाचे?"

डॉक्टर मुजावर माझे बूट ओळखतील असं मला वाटलं. महिन्याभरापूर्वी त्यांनीच ते हातात घेतले होते. पण ते पहाटेपासून उभे होते. मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"माझंच," त्या म्हणाल्या. "बाजारातनं घेतलं."

"माप बघून घ्यायचं असतं ना, मावशी. इतके दिवस हे घालून फिरलात, पाय एकदा तरी बघितलात का? इतका निष्काळजीपणा?" ते रागावलेले नव्हते, दमलेले होते. "बोटं जातील आता."

मी हातात ट्रे धरून उभी होते. बोलायला एकच वाक्य होतं. मी ते बोलले नाही. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, कुणी मला फार तर चार शब्द सुनावले असते. पण त्या क्षणी मला आणखी काही अंगावर घ्यायचं नव्हतं. दिवसभर पुष्कळ घेतलं होतं. मी जखमेवर गॉज ठेवला आणि सिव्हिलला पाठवायचा कागद लिहायला घेतला. कारणापुढं लिहिलं, अयोग्य मापाची पादत्राणं.

सिव्हिलला त्यांची दोन बोटं काढली. पाय वाचला. नऊ दिवसांनी त्या घरी आल्या. ड्रेसिंग दिवसाआड करायचं होतं, आणि मी इन्चार्ज सिस्टरांना म्हटलं, मी घरी जाऊन करेन. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

त्या दिवसांत मी कॅज्युअल्टीत एक गोष्ट केली. कापसाचा बोळा घेऊन सगळ्या सफाईवाल्या बायका आणि वॉर्डबॉय यांचे पाय बघितले. कुणी लाजायचे, कुणी पाय मागं घ्यायचे. आणखी दोघांच्या तळव्याला स्पर्श कळत नव्हता. त्यांची साखर तपासून औषध सुरू केलं. डॉक्टर मुजावरांनी स्वतःच्या ओपीडीतून दोन स्टुलं उचलून आणली आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीला लावली, कोण तक्रार करतं ते बघू म्हणाले. पुढं ते मीटिंगांमध्ये सांगायचे की हे ताटे सिस्टरांच्या लक्षात आलं. मी तेही ऐकून घेतलं.

मावशींचं घर दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर होतं. दुपारी ड्युटी सुटली की पिशवी घेऊन जायचं, पाटावर त्यांचा पाय घ्यायचा, जुनी पट्टी सोडायची, धुवायचं, नवी बांधायची. घरात त्यांची सून असायची, शालन. स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्या अंगावर सगळं पडलं होतं. सासूचं काम सुटलं होतं, कंत्राटदारानं दुसरी बाई ठेवली होती. मी पट्टी करत असताना ती चुलीपाशी बसून बोलत राहायची. चांगल्या चपला टाकून बूट मिरवायला गेल्या. माप बघायला काय डोळे नव्हते? आता सगळ्यांनी निस्तरा. मावशी भिंतीकडं बघत असायच्या. मी गॉज कापत असायची. त्या मला "सिस्टर, तुमी उगा पायपीट करताय," असं म्हणायच्या आणि चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

पाचवा आठवडा होता. जखम लाल, स्वच्छ, भरत आलेली. शालनचं तेच बोलणं झालं होतं आणि ती पाण्याचा हंडा घेऊन नळावर गेली. घरात आम्ही दोघी उरलो. मी ठरवून गेले नव्हते. हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "मावशी, ते बूट तुम्हाला लहान होते, हे मला दिसलं होतं. तुमचं पाऊल आत जाईना, तुम्ही जोर लावलात, ते मी बघत होते."

त्यांनी भिंतीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"मला बी दिसलं हुतं," मग म्हणाल्या. "डोळं हायत की. पर दुखलं न्हाई. म्हटलं, दुखत न्हाई म्हंजी बसलं."

"माझी चूक झाली."

"बुटाचं मला काय वाटत न्हाई. तू चांगल्या मनानं दिलंस." आठ वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "डागदर मला निष्काळजी म्हणला, तवा मी तुला वाचवलं. ठीक हाय. मला वाटलं, आता ही बोलंल. मग वाटलं, दमलीया, उद्या बोलंल. पाच आठवडं झालं. ही सून मला रोज त्या बुटावरनं बोलती. पोरगा बोलतो. शेजारपाजारचं येऊन बोलत्यात. म्हातारीला अक्कल न्हाई म्हणत्यात. मी ऐकून घेती. आन तू बी हितं बसून ऐकतीस, पट्टी बांधतीस आन जातीस."

मी त्यांच्या पावलाकडं बघत बसले. जिथं बोटं असायची तिथं नवी गुलाबी कातडी धरत होती.

शालन हंडा घेऊन आत आली. तिनं तो खाली उतरवायच्या आतच मी म्हटलं, "शालन, ते बूट मी दिले होते. माझे जुने होते, मला लहान होत होते म्हणून. मावशींनी बाजारातून आणले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी गप्प बसले."

तिनं हंडा ठेवला. आधी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं.

"आत्या, मग सांगितलं का न्हाई तुमी?"

"सांगून बोटं येणार हुती व्हय परत?" मावशी म्हणाल्या.

शालननं पदरानं हात पुसले, चुलीवरचा चहा उतरवला, एका कपात ओतून सासूच्या हातात दिला आणि तिथंच त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मला चहा दिला नाही. मला ते योग्यच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेच डॉक्टर मुजावरांना सांगितलं आणि केसपेपरवर माझ्या हातानं नोंद केली. पण सांगायला सगळ्यांत जड गेलं ते त्या घरात, शालनसमोर.

चहा संपवून मावशींनी कप खाली ठेवला.

"बांध आता पट्टी," त्या म्हणाल्या. "किती वेळ उघडा ठेवतीस?"

मी गॉज ठेवला, पट्टी घेतली, तळव्याखालून फिरवत वर आणली. गाठ मारताना रोज शंभर पेशंटना म्हणते तेच माझ्या तोंडून गेलं.

"घट्ट झाली तर सांगा."

मावशींनी माझ्याकडं बघितलं.

"मला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "तुझं तूच बघ."

मी गाठ सोडली, पट्टीखाली बोट घालून बघितलं आणि पुन्हा बांधायला घेतली.